नोंदवहीतील आडनाव : विल्यम ब्लेकची आई आणि इंग्रज पूर्वजांचा शोध

इंग्लंडात माणसाचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याची चाल जवळजवळ पाच शतकांची आहे, हे ऐकले म्हणजे आपल्याकडील चरित्रकाराला हेवा वाटल्यावाचून राहत नाही. तुकारामांच्या जन्मशकाविषयी ज्या भाषेत कित्येक दशके वाद चालले, त्या भाषेतील अभ्यासकाला असे वाटणे स्वाभाविकच आहे. शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची तारीख २६ एप्रिल १५६४ ही आहे. तीविषयी कोणी वाद घालीत नाही. मात्र ज्यांनी ह्या नोंदवह्यांत प्रत्यक्ष हात घातला आहे, त्यांचा अनुभव काहीसा निराळा आहे. हवा असलेला पूर्वज वहीत नसतो. किंवा असतो तो दुसऱ्याच नावाने असतो. किंवा एकाच नावाचे तीन जण असतात आणि आपला कोणता ते कळत नाही. हा शोध म्हणजे केवळ दफ्तरे उलथीपालथी करण्याचे काम, अशी एक समजूत आहे. वस्तुतः तो बव्हंशी वाचनाचा प्रश्न आहे आणि म्हणूनच समीक्षेच्या नियतकालिकात त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. नोंद कोणी केली, कोणासाठी केली आणि तिच्या रकान्यांत कशाला जागा नव्हती, हे विचारल्याशिवाय तिच्यावर चरित्र उभारले तर काय होते, ह्याचे एक चांगले उदाहरण विल्यम ब्लेक ह्या कवीच्या आईचे आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम ह्या वह्यांचा जन्म कसा झाला ते थोडे पाहू. ५ सप्टेंबर १५३८ रोजी आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल ह्याने प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याला आज्ञा केली की, दर आठवड्यास होणारे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एका वहीत लिहावीत आणि ती वही कुलूपबंद पेटीत ठेवावी. लोकांना ह्यात निराळाच वास आला. प्रत्येक बाप्तिस्म्यावर आणि प्रत्येक दफनावर आता कर बसणार, अशी कुजबूज परगण्यापरगण्यांत सुरू झाली. ही भीती अगदीच निराधार नव्हती, फक्त अडीचशे वर्षे आधीची होती : १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर खरोखरच बसला, आणि भिकारी म्हणून नोंद झाली तर तो माफ होता. परिणामी १७९४ मध्ये कर उठेपर्यंत कित्येक गावांच्या वह्यांत भिकाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते. एखाद्या वंशजाला आपला खापरपणजा अकस्मात दरिद्री झालेला आढळला, तर दुःख करण्यापूर्वी त्याने वर्ष पाहावे हे बरे.

पहिल्या वह्या कागदाच्या होत्या आणि पुष्कळशा जीर्ण झाल्या. १५९८ मध्ये त्यांच्या नकला चर्मपत्रावर करण्याचा हुकूम झाला. त्यात एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, नोंदींवर विशेष भर होता. वीस वर्षांचे काम वाचते आहे असे पाहून अनेक पाद्र्यांनी त्याआधीच्या नोंदी उतरवल्याच नाहीत. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील शेक्सपिअरची सुप्रसिद्ध नोंददेखील अशीच नक्कल आहे. कवी छत्तिशीच्या आसपास असताना कोणा लेखनिकाने ती नव्या वहीत उतरवली. ती चुकीची आहे असे नव्हे. पण आपण जे पाहतो ते १५६४ चे अक्षर नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे यादवी युद्धाच्या काळात कित्येक वह्या कोऱ्याच राहिल्या. सतराशे चाळीसच्या दशकापासून मागे जाणाऱ्या वंशावळी १६४० ते १६६० ह्या वीस वर्षांच्या खड्ड्यात जाऊन थांबतात, हा नित्याचा अनुभव आहे.

कालगणनेचा घोळ वेगळाच. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारीतील मूल आदल्या वर्षाच्या पानावर सापडते, आणि आईबापांच्या लग्नाआधीच ते जन्मल्याचा किंवा मृताला पुत्र झाल्याचा आभास उत्पन्न होतो. १७५२ च्या सप्टेंबरात तर २ तारखेनंतर एकदम १४ तारीख उजाडली. शक आणि इसवी सन, चैत्र आणि कार्तिक यांच्या मेळात वाढलेल्या आपल्या अभ्यासकाला हा घोळ फारसा भिववणार नाही.

खरी अडचण रकान्यांची आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सामान्यतः बापाचे पूर्ण नाव आणि आईचे फक्त पाळण्यातले नाव असे. आईचे माहेर कोणते, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. १८१२ च्या कायद्याने छापील तक्ते आले; त्यांत बापाचा धंदा आला, राहण्याचे ठिकाण आले, पण माहेरचे आडनाव आले नाही. ते मिळवावयाचे तर विवाहाची नोंद शोधावी लागते, आणि विवाह वधूच्या पॅरिशमध्ये झाला असेल तर, म्हणजे जे माहीत नाही तेच आधी माहीत असावे लागते. ह्याला एक सन्माननीय अपवाद आहे. यॉर्कमधील विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने १७७० च्या दशकात आपल्या वहीत मूल कितवे, बापाचे आईबाप कोण, आईचे आईबाप कोण, हे सारे लिहिण्यास आरंभ केला. १७७७ मध्ये यॉर्कच्या आर्चबिशपने ही पद्धत आपल्या प्रांतात रूढ करण्यास उत्तेजन दिले. पाद्री कुरकुरले, पुष्कळांनी पाळली नाही, आणि १८१३ मध्ये छापील तक्ते आल्यावर ती संपली. शासनाने एकसूत्रता आणली आणि त्याच दिवशी आज्यांची नावे पुसली, असा हा प्रकार आहे. यॉर्कशरबाहेर बहुतेक ठिकाणी मात्र आज्यांना तीही थोडी वर्षे लाभली नाहीत.

कारकुनाच्या लेखणीत माणूस नाहीसा करण्याचे सामर्थ्य असते तसे नवे माणूस उत्पन्न करण्याचेही असते. वूस्टरच्या बिशपच्या दफ्तरात २७ नोव्हेंबर १५८२ ह्या तारखेला विल्यम शेक्सपिअर आणि टेंपल ग्रॅफ्टन येथील अ‍ॅन व्हेटली यांच्या विवाहाच्या परवान्याची नोंद आहे. दुसऱ्याच दिवशीच्या चाळीस पौंडांच्या हमीपत्रात वधू स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे आहे. त्याच सुमारास त्याच कारकुनासमोर क्राउल येथील विल्यम व्हेटली नावाच्या पाद्र्याचे धान्यदशांशाचे प्रकरण चाललेले होते. ते आडनाव लेखणीच्या टोकावर राहिले आणि चुकून ह्या ओळीत उतरले, हाच उलगडा सरळ दिसतो. परंतु सरळ उलगड्यात रस नसतो. फ्रँक हॅरिसने १९०९ मध्ये ह्या ओळीतून कवीची खरी प्रेयसी उभी केली, आणि १९३९ मध्ये विल्यम रॉसने तर सुनीतांचे कर्तृत्वच तिला बहाल केले. एका चुकीच्या शब्दावर इतके वाङ्मय क्वचितच उभे राहिले असेल.

ब्लेकच्या बाबतीत मात्र चूक इतकी उघडी नव्हती, म्हणून ती अधिक काळ टिकली. ब्लेकचा जन्म लंडनमध्ये २८ नोव्हेंबर १७५७ रोजी झाला आणि ११ डिसेंबर रोजी पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. आईबाप जेम्स आणि कॅथरिन. बापाचे मोज्यांचे दुकान. ह्या कवीची प्रतिभा इतकी विलक्षण आणि त्याची पुराणसृष्टी इतकी स्वतंत्र की, ती आली कोठून असा प्रश्न प्रत्येक पिढीला पडत आला आहे. आणि उत्तरासाठी प्रत्येक पिढी त्याच्या पूर्वजांकडे वळली आहे. १८९३ मध्ये एड्विन एलिस आणि कवी येट्स यांनी ब्लेकचे ग्रंथ संपादिले तेव्हा त्याचा आजा मूळचा ओनील आडनावाचा आयरिश गृहस्थ होता, असे त्यांनी मोठ्या विश्वासाने प्रतिपादिले. ह्याला दफ्तरी आधार काहीच नव्हता. येट्सला ब्लेक आयरिश हवा होता, इतकेच. ज्याला जसा ब्लेक हवा त्याने तसा आजा शोधावा, ही रीत तेथूनच पडली.

आईविषयी एक नोंद मात्र खरोखरच उपलब्ध होती. मेफेअर येथील सेंट जॉर्जच्या चॅपलात १५ ऑक्टोबर १७५२ रोजी जेम्स ब्लेक आणि कॅथरिन हार्मिटेज यांचा विवाह झाला. हे चॅपल साधे नव्हे. अलेक्झांडर कीथ नावाच्या पाद्र्याने तेथे घोषणा आणि परवाना यांवाचून लग्ने लावण्याचा धंदाच मांडला होता. १७४२ मध्ये त्याला चर्चने बहिष्कृत केले, पुढे तो फ्लीट तुरुंगात गेला, तरी दुसरे पाद्री नेमून त्याने लग्ने चालूच ठेवली. ज्या वर्षी ब्लेकच्या आईबापांचे लग्न झाले, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हॅमिल्टनच्या ड्यूकने रूपसुंदर एलिझाबेथ गनिंगशी तेथेच मध्यरात्री लग्न लावले, आणि अंगठी नव्हती म्हणून पलंगाच्या पडद्याची कडी वापरली, अशी आख्यायिका आहे. तेव्हा मेफेअरला लग्न झाले म्हणजे काही काळेबेरे असलेच पाहिजे, असे समजण्याचे कारण नाही. ड्यूकही येत, दुकानदारही येत. खर्च कमी, चौकशी कमी. २५ मार्च १७५४ पासून हार्डविकचा विवाहकायदा अमलात आला आणि हा बाजार उठला. आदल्या एका दिवसात तेथे साठाहून अधिक लग्ने लागली.

परंतु चौकशी कमी म्हणजे नोंदही त्रोटक. हार्डविकच्या कायद्याने वधूवरांच्या सह्या आणि साक्षीदार आणले. त्याच्या दीड वर्ष आधी मेफेअरला तसे काही लागत नसे. म्हणून कॅथरिन हार्मिटेज हिची तिने केलेली सही आपल्यापाशी नाही. आहे ते तिने तोंडाने सांगितलेले आणि लिहिणाऱ्याने कानांनी टिपलेले आडनाव. ती कुमारिका होती की विधवा, हे त्यात नाही. अभ्यासकांनी मात्र ते तिचे माहेरचे आडनाव म्हणून धरले आणि दीर्घकाळ ते तसेच चालले.

ह्या गृहीतावर सर्वांत तेजस्वी इमारत उभारली ती ई. पी. टॉम्प्सन ह्या थोर इतिहासकाराने. भारतीय वाचकांना त्याचे नाव आणखी एका नात्याने परिचित असेल : रवींद्रनाथांवर लिहिणारा, बांकुडा येथे अध्यापन केलेला एडवर्ड टॉम्प्सन हा त्याचा पिता. पुत्राचा ब्लेकवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १९९३ मध्ये, प्रसिद्ध झाला. ब्लेकची बंडखोर धर्मदृष्टी सतराव्या शतकातील यादवी युद्धात जन्मलेल्या मगल्टनपंथासारख्या लहान, निग्रही पंथांतून आली असावी, असा त्याचा तर्क होता. मगल्टनपंथीयांत जॉर्ज हर्मिटेज नावाचा गीतकार होऊन गेला होता. आडनाव जुळले, आईमार्फत ती परंपरा ब्लेकपर्यंत पोहोचली असेल, अशी शक्यता टॉम्प्सनने मांडली. ती त्याने शक्यता म्हणूनच मांडली, हे त्याच्या न्यायबुद्धीला साजेसे आहे. परंतु वाचकांच्या मनात शक्यता फार दिवस शक्यता राहत नाही.

१९९९ मध्ये केरी डेव्हिस ह्या अभ्यासकाने वेगळा प्रश्न विचारला. हार्मिटेज हे माहेरचे आडनाव नसून पहिल्या नवऱ्याचे असेल तर? आणि तेही ‘ह’काराने सुरू होणारे नसेल तर? लंडनच्या सामान्य बोलीत शब्दारंभीचा ‘ह’ गळतो, हे प्रसिद्ध आहे. त्यामुळे सावध लेखनिक नसलेला ‘ह’ही पदरचा घालतो. मोडीतील ऱ्हस्वदीर्घ ज्यांनी अंदाजाने लावले आहेत त्यांना लेखनिकाची ही मनःस्थिती सहज कळेल. ‘ह’ काढला की उरते आर्मिटेज, आणि हे यॉर्कशरमधले सर्वपरिचित आडनाव आहे. त्याच मेफेअरच्या वहीत मागे गेल्यावर १४ डिसेंबर १७४६ रोजी टॉमस आर्मिटेज आणि कॅथरिन राइट यांचा विवाह सापडतो. हा टॉमसही मोज्यांचाच व्यापारी आणि १७५१ मध्ये वारलेला. वर्षभरात त्याच्या विधवेने त्याच धंद्यातल्या जेम्स ब्लेकशी लग्न केले. व्यापारी वस्तीत ही गोष्ट अगदी रीतीला धरून होती. कॅथरिन राइट ही नॉटिंगमशरमधील वॉकरिंगम ह्या गावची. कवीचे आजोळ लंडनच्या कोणा बंडखोर पंथात शोधले जात होते. ते निघाले ट्रेंट नदीकाठच्या एका शेतकरी खेड्यात.

मेफेअरची ही वही १८८९ मध्ये हार्लियन सोसायटीने छापली होती. म्हणजे दोन्ही नोंदी शंभरांहून अधिक वर्षे कोणाही वाचकाला खुल्या होत्या. आणि त्या आवृत्तीच्या संपादकाचे नाव? जॉर्ज आर्मिटेज.

पहिल्या नवऱ्याचे नाव हाती आल्यावर दुसरे दफ्तर उघडले. केरी डेव्हिस आणि मार्शा कीथ शुकार्ड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लंडनमधील मोरेव्हियन पंथाच्या संग्रहातून टॉमस आणि कॅथरिन आर्मिटेज यांच्या सभासदत्वाची कागदपत्रे बाहेर आणली. हे दांपत्य १७५० च्या सुमारास फेटर लेन येथील मंडळात दाखल झाले होते. १९४० मध्येच मार्गारेट लोअरी हिने ब्लेककुटुंबाच्या मोरेव्हियन संबंधाची ऐकीव हकीकत नमूद केली होती, पण पुरावा नाही म्हणून ती बहुतेकांनी बाजूस सारली. ह्या कागदांत सर्वांत मोलाचे आहे ते खुद्द कॅथरिनचे पत्र. त्यातील शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहेत, वाक्ये एकमेकांत मिसळली आहेत, आणि ख्रिस्ताच्या जखमांविषयीची ती उत्कट, जवळजवळ शारीरिक भक्ती त्यात आहे, जी काउंट त्सिन्त्सेन्डोर्फच्या त्या काळातील पंथाची खूण होती. दोन विवाहनोंदींत जी बाई केवळ दोन पुरुषांच्या आधारे ओळखू येते, ती येथे प्रथमच स्वतः बोलते.

आता ह्यावरून काय सिद्ध होते? काही टीकाकारांनी लगेच ब्लेकच्या कवितेतील कोकरू, रक्त, कामभाव आणि भक्ती यांच्या मिश्रणाचा उगम मोरेव्हियन स्तोत्रांत दाखविण्यास प्रारंभ केला आहे. प्रस्तुत लेखकास ह्यात मगल्टनपंथाच्या तर्काचीच नवी आवृत्ती दिसते, जरी कागद ह्या वेळी अस्सल असले तरी. पतीच्या मृत्यूनंतर कॅथरिन त्या मंडळातून बाहेर पडली. विल्यमचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी झाला. आणि त्याचा बाप्तिस्मा राजमान्य चर्चमध्ये झाला. उलट, १७८४ मध्ये बाप आणि १७९२ मध्ये आई यांचे दफन बनहिल फील्ड्स ह्या, राजमान्य चर्चबाहेरील पंथांच्या, दफनभूमीत झाले. १८२७ मध्ये ब्लेकही तेथेच गेला. घरात काही स्तोत्रे गुणगुणली जात असतील, आईच्या प्रार्थनेचा सूर मुलाच्या कानी राहिला असेल. हे संभवनीय आहे आणि सुंदरही आहे. पण ती नोंद नव्हे. नोंदीने जे दिले ते इतकेच की, मगल्टनपंथाचा धागा आडनावावर टांगलेला होता आणि ते आडनाव तिचे नव्हते. समीक्षेला एवढे नकारात्मक ज्ञानही थोडे नाही.

एका पिढीनंतर, १८ ऑगस्ट १७८२ रोजी, बॅटर्सीच्या सेंट मेरी चर्चमध्ये ब्लेकने कॅथरिन बाउचर हिच्याशी विवाह केला. आता हार्डविकचा कायदा होता, वहीत सहीची जागा होती. वधूने तेथे फुली मारली. पुढे नवऱ्यापाशी ती लिहावाचावयास आणि चित्रांचे ठसे काढण्यास शिकली. नोंद त्या एका सकाळपुरती खरी असते.

खानेसुमारीकडे वळताना हे सूत्र विसरता येत नाही. १८०१ ची पहिली खानेसुमारी ज्याने चालविली तो जॉन रिकमन हा चार्ल्स लॅमचा स्नेही. पण त्याच्या तक्त्यांना माणसांची संख्या हवी होती, नावे नव्हेत. नावांची राष्ट्रव्यापी नोंद सुरू झाली ६ जून १८४१ च्या रात्री. त्या वेळी पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहावे असा आदेश होता, म्हणून चौतीस वर्षांचा मनुष्य तीस वर्षांचा होतो आणि वंशज चार वर्षे चुकीच्या बाप्तिस्म्यांत शोध घेत राहतो. ३० मार्च १८५१ च्या खानेसुमारीत प्रथमच जन्माचे गाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते आले; पॅरिशच्या वहीकडे परत जाण्याचा तो पूल आहे. तथापि त्या पिढ्यांत आपण पाहतो ती घरच्या माणसाने भरलेली पत्रके नव्हेत. ती नष्ट झाली. उरल्या त्या प्रगणकाने त्यांवरून उतरवलेल्या वह्या. बायकांचा धंद्याचा रकाना त्यांत वारंवार रिकामा असतो, मग ती बाई दिवसभर दुकान सांभाळीत असो की शिवणकाम करीत असो. वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांची तर पुष्कळदा केवळ आद्याक्षरे लिहिली जात. कॅथरिन ब्लेक १८५१ मध्ये हयात असती आणि पतीचे दुकान चालवीत असती, तरी तिच्या पुढच्या रकान्यात काही असतेच असे नाही.

काही माणसे स्वतःहून निसटली. २ एप्रिल १९११ च्या रात्री मताधिकारवादी स्त्रियांनी, नागरिक नाही तर मोजणीतही नाही, अशा भूमिकेतून खानेसुमारीवर बहिष्कार घातला; कित्येक जणी रात्रभर रस्त्यांवर, सभागृहांत, रिकाम्या घरांत राहिल्या. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन पार्लमेंटच्या तळघरातील प्रार्थनामंदिराच्या कपाटात लपली, आपला त्या रात्रीचा पत्ता पार्लमेंट असा व्हावा म्हणून. सकाळी ती सापडली, आणि पार्लमेंटच्या पत्त्यावर तिची नोंदही झाली. इकडे घरमालकिणीने तिला बिऱ्हाडी दाखविले होतेच. त्यामुळे जिने मोजणी नाकारली ती दोनदा मोजली गेली. १९३१ ची खानेसुमारी १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि १९२१ ची शंभर वर्षांची मुदत संपून २०२२ मध्ये खुली झाली.

ज्यांना लपता येत नव्हते असे मात्र गरीब लोक होते. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक दरिद्री मनुष्याचे पोषण त्याच्या ‘वास्तव्याच्या’ पॅरिशकडे आले, आणि पॅरिश खर्च टाळण्यासाठी त्याची उलटतपासणी करू लागली : जन्म कोठे, चाकरी कोणाकडे, किती वर्षे, लग्न केव्हा, मुले किती. त्यामुळे भीक मागण्याची पाळी आलेल्या मजुराचे अवघे आयुष्य दोन पानांवर मिळते, तर कर्जाशिवाय जगलेल्या त्याच्या शेजाऱ्याच्या नावावर तीन ओळी. अनौरस मुलाच्या बापाचा शोध तर पॅरिश अतिशय निष्ठेने करी, कारण पैसा त्याच्याकडून वसूल करावयाचा असे. जॉन क्लेअर ह्या शेतकरी कवीचे उदाहरण येथे आठवते. हेल्पस्टन गावात पार्कर नावाचा एक फिरता स्कॉटिश शाळामास्तर, फिडल वाजविणारा, येऊन राहिला. पॅरिशच्या क्लार्कची मुलगी अ‍ॅलिस क्लेअर हिला दिवस गेले. मास्तर गाव सोडून गेला. मुलाला आईने पळून गेलेल्या बापाचे आडनाव पाळण्यातले नाव म्हणून दिले आणि आपले आडनाव आडनाव म्हणून : पार्कर क्लेअर. हाच कवीचा बाप. जी माहिती वहीत लिहिण्याची सोय नव्हती ती त्या मुलीने नावातच लिहून ठेवली. वही सांभाळण्याचे काम तिच्या बापाकडे होते हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या ह्या निवडीचे वजन कळते.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या किंवा हरिद्वार-गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशज स्वतः येऊन आपले नाव, बापाचे, आज्याचे नाव सांगतो, पुढच्या पिढीने वाचावे म्हणून. पॅरिशची वही वंशजासाठी कधीच नव्हती. पण दोहोंत एक साम्य आहेच. आपल्या वह्यांतही लेकीसुनांची माहेरे क्वचितच सापडतात, आणि आपण तर लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलीत आलो.

हिंदुस्थानात ह्या दोन जगांची गाठ पडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एतद्देशीय स्त्रीपासून झालेल्या मुलाच्या नोंदीत बापाचा हुद्दा असतो. आईच्या जागी पुष्कळदा ‘नेटिव्ह स्त्री’ एवढेच, किंवा तेही नाही. आज इंग्लंडात आपला पूर्वज सापडत नाही म्हणून शोधणाऱ्या कित्येकांच्या वंशवृक्षातील रिकामी जागा ही अशी एक आजी आहे. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स अकिलीझ कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची मुलगी नूरुन्निसा, जिला साहेब बेगम म्हणत, तिचा इंग्लंडला पाठविल्यानंतर मार्च १८०६ मध्ये लंडनच्या मेरिलबोन चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला आणि ती कॅथरिन अरोरा कर्कपॅट्रिक झाली. कार्लाइलच्या ‘सार्टर रिसार्टस’मधील नायिकेचे मूळ म्हणून वाङ्मयेतिहासाला ती ठाऊक आहे. ह्या नावातून मागे जाणाऱ्याला हैदराबादची वाट दिसणार नाही. १८४१ च्या खानेसुमारीच्या तक्त्यातही हिंदुस्थानात जन्मलेल्या ब्रिटिश प्रजाजनासाठी, ह्या काउंटीत जन्म नाही, ह्यापलीकडे उत्तर नव्हते. त्याच सुमारास तिला हैदराबादेतील आपली आजी शरफुन्निसा अजून जिवंत असल्याचे समजले, आणि दोघींत पत्रव्यवहार सुरू झाला. आजीची पत्रे फार्सीत येत, आणि १८४७ मध्ये ती वारली तोवर ती येत राहिली.